नानकटाईच्या भट्टीतले हेडलाइट

मला नको तिथं नाक खुपसायची सवय आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको, की अनसूयाबाईंनी उगाच दुसऱ्याच्या कामात लुडबुड केली. केली. आणि ती कशी अंगाशी आली तेच सांगायला बसले आहे.

दोन हजार चौदा सालची दिवाळी जवळ आलेली. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. पावसानं त्या वर्षी तोंडाला पानं पुसली होती, आठवड्यातून एकदा नळ यायचा, पण म्हणून नानकटाई करायची नाही असं थोडंच आहे? पडेगावात चाऊस चाचांची बेकरी आहे. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घरून मळून न्यायची आणि त्यांच्या भट्टीत भाजून आणायची, ही आमच्याकडची रीत. सकाळचे पाव निघाले की भट्टी जरा उतरते, मग दुपारी बायका डबे घेऊन रांग लावतात. मीही माझा डबा घेऊन उभी होते. पुढं सात-आठ बायका आणि त्यांच्या मधोमध एक उंच, सडसडीत, उन्हानं रापलेला माणूस. त्याच्या हातात पत्र्याचा ट्रे आणि ट्रेमध्ये गाडीचा हेडलाइट.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हेडलाइटच.

दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. मी म्हटलं, "काय हो, हा नानकटाईचा नवा साचा का?"

बायका फिस्सकन हसल्या. तो बिचारा लाजला. "नाय जी बाई. ह्यो उकलायचाय."

"उकलायचाय म्हणजे?"

"म्हंजी काच येगळी आन् डबडं येगळं. मदी डिंकावानी काळं लावलेलं असतं, ते गरम झाल्याबिगर सुटत नाय."

आतून चाऊस चाचा ओरडले, "अरे पुंजाराम, पैले औरतां का होन दे बावा! फिर तेरी बत्त्यां!"

माझी नानकटाई झाली, डबा भरला, पण मी घरी जाते कशाला? पिशवी खाली ठेवली आणि तिथंच बाकड्यावर बसले. शेवटी त्याचा नंबर आला. चाचांनी भट्टीच्या तोंडात हात घातला आणि मोठ्यानं आकडे मोजायला लागले. नानकटाईला दहा आकड्यांपर्यंत हात टिकला पाहिजे, हेडलाइटला वीसपर्यंत. त्याच्या आधी हात भाजला तर भट्टी जास्त तापलेली आहे, मग दिव्याची काच पापडासारखी वाकडी होते. हे गणित त्या दोघांनी चार दिवे वाया घालवून बसवलं होतं. वीस झाले, ट्रे आत गेला, सात-आठ मिनिटांनी बाहेर आला. पुंजारामनं फडक्यात धरून फटीत स्क्रू-ड्रायव्हर घातला, हळूच पिळला, आणि गुळाच्या पाकासारख्या काळ्या तारा सोडत काच सुटून हातात आली.

एकतीस वर्षं मी मुलांना अंतर्वक्र आरसा शिकवला. फळ्यावर हजार वेळा काढला असेल. "उदाहरणार्थ, मोटारीचा दिवा," असं दर वर्षी म्हणायचे. आणि मोटारीचा दिवा आतून बघितला तो त्या दिवशी, बेकरीत, वयाच्या साठाव्या वर्षी! मला इतका आनंद झाला की त्याला दोन नानकटाया देऊन टाकल्या.

"आता ह्याचं करणार काय तू?"

"आतलं समदं चांदीवानी हाय ना, ते काळं करायचं."

"अरे शहाण्या, आरशाला काळं फासलंस तर उजेड कुठून पडेल?"

"आरशाला नाय हात लावीत, बाई. तेवढं कळतं मला. भवतालचं कडं काळं करायचं. गाडी रागीट दिसती."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी हजर. पुंजारामचं घर माझ्या रो-हाउसपासून चार प्लॉट सोडून, दोन पत्र्याच्या खोल्या आणि पुढं कुंपण घातलेलं अंगण. माणसं शेंद्र्याकडची, मेंढपाळांची. वडील गेल्यावर आई पुतळाबाई उरलेली चौदा मेंढरं घेऊन इकडं दौलताबाद रोडच्या माळावर आलेली. बायको सुकेशनी एका कँटीनमध्ये पोळ्या करायची, सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. हा स्वतः शेंद्र्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. काम एकच, येणाऱ्या प्रत्येक गाडीला पुढचे दोन दिवे बसवायचे. चार वर्षं त्यानं गाड्यांना डोळे बसवले आणि मग कंत्राट संपलं. दुसरं काही येत नव्हतं, पण दिवा म्हणजे काय हे त्याला पाठ झालं होतं.

आणि शहर तर तेव्हा सुटलंच होतं नुसतं. जिथं काल बाभळी होत्या तिथं आज 'प्लॉट विकणे आहे'. ज्यानं प्लॉट विकला त्यानं गाडी घेतली, आणि ज्यानं गाडी घेतली त्याला ती शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा रागीट दिसायला हवी. जुन्या गाड्यांचे दिवे आतून पांढरे लख्ख, नव्यांचे काळे. त्यामुळं जुन्या गाडीवाले पुंजारामकडं यायला लागले. क्रांती चौकातल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानांतून एकानं दुसऱ्याला सांगायचं आणि दुसऱ्यानं तिसऱ्याला.

त्याचं काम बघायला मी रोज जायला लागले. माणूस कसा डोकं चालवतो ह्याचं मला फार कौतुक. दुष्काळात धूळ ही अशी उडायची, की ताज्या रंगावर लगेच खरखर बसायची. ह्यानं काय करावं? आईची मच्छरदाणी पत्र्याला टांगली आणि तिच्यात बसून रंग मारायला लागला. तोंडाला रुमाल, समोर पाटावर दिवा, हातात रंगाचा डबा. आरशावर आधी कागदी पट्टी चिकटवायची, कडं बारीक कागदानं घासून घ्यायचं, मग काळ्याचे तीन पातळ हात. पुतळाबाई उंबऱ्यातून ओरडायच्या, "मच्छर मला चावायलेत आन् जाळीत बसलाय ह्यो!" रंग वाळला, की काच बसवायच्या आधी शेवटचं एक काम असायचं. काडीपेटीची काडी लाल रंगात बुडवून खालच्या कोपऱ्यात एक टिपका.

"हे कशाला रे? कुंकू?"

"आमच्या घरची खून हाय, बाई. मेंढरांच्या पाठीवर बी हाच टिपका असतो. दुसऱ्याच्या कळपात गेलं तर आपलं कोन्तं ते कळाया पायजे."

"अरे, गाड्या कुठं कळपात जातात?"

"जात्यात की. सिग्नलला बघा."

आता माझं पाप सांगते.

एक दिवस मी एक दिवा हातात घेऊन उलटापालटा करत होते. मागच्या बाजूला करंगळीचं नख जाईल एवढं भोक दिसलं. "हे रे काय?"

"कंपनीचंच हाय. रबराची टोपी असती त्याच्यावर, भट्टीत जळून जाती."

"मग बुजव की ते! एवढी धूळ उडतेय, आत जाऊन बसेल."

पुंजाराम घुटमळला. "कंपनीनं ठिवलंय म्हंजी कायतरी असंल, बाई."

"कंपनीला काय आपल्या शहराची धूळ माहीत आहे? भोक ते भोक. बुजवून टाक."

"पर..."

"पुंजाराम, विज्ञान मी शिकवलंय का तू?"

झालं. एकतीस वर्षांत ह्या वाक्यापुढं कुणी बोललं नाही, तो काय बोलणार? पाण्याच्या पाइपाला लावतात ती पुट्टीसारखी लांबी त्यानं कालवली आणि भोक बुजवलं. त्या दिवशीपासून प्रत्येक दिव्याचं बुजवायला लागला. आणि खरोखर, त्याच्या दिव्यांत धुळीचा कण दिसेना. लोक म्हणायचे, पुंजारामचा दिवा आरशासारखा राहतो. मुलाला, केयूरला, मी पुण्याला फोन करकरून हे तीनदा सांगितलं. छाती अशी फुगली होती माझी!

त्यानंतरच्या नऊ महिन्यांत अडतीस गाड्या झाल्या. पाऊस नाहीच. गाड्या धुवायच्या नाहीत असा कुणी कायदा केला नव्हता, पण टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांसमोर गाडीवर पाणी ओतायची कुणाची छाती होती? लोक कोरड्या फडक्यानं पुसायचे. थोडक्यात काय, त्या अडतीस गाड्यांच्या दिव्यांना बसवल्यापासून पाण्याचा थेंब लागलेला नव्हता. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

जुलैच्या शेवटी साहेबराव आले. साहेबराव म्हणजे प्लॉटिंगवाले, पुंजारामचं पहिलं मोठं गिऱ्हाईक, निम्मी गाडीवाली मंडळी त्यांनीच पाठवलेली. स्कॉर्पिओ अंगणात घुसवली, दार आपटलं आणि ओरडले, "ये बाहेर! ये, बघ काय दिवे लावलेत!"

आम्ही सगळे धावलो. दोन्ही हेडलाइट अर्धे पाण्यानं भरलेले. साहेबरावांनी गाडीला धक्का दिला तर आत पाणी डचमळलं.

"मासे सोडू का ह्यात? आँ? रत्नागिरीला गेलो होतो, पोरंबाळं घेऊन. घाटात धो धो पाऊस, आन् दोन्ही दिवे फट्‌दिशी गेले! पुढं ट्रक होता म्हणून त्याच्या लाल बत्तीमागं रांगत खाली आलो. ट्रक नसता तर? माझी चार वर्षांची नात होती गाडीत!"

पुंजाराम पुढं झाला. "चुकलं माझं, साहेबराव."

"चुकलं? मेंढरं राखायची सोडून कुणी सांगितलं होतं गाड्यांना हात लावायला?"

जमलेल्यांतले दोघंतिघं हसले. पुंजारामची मान खाली गेली ती वर आलीच नाही. पुतळाबाई कुंपणाला धरून उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. आणि मी हातात चहाचा कप घेऊन विचार करत होते, की पाणी आत गेलंच कसं? खरं सांगते, मला त्याच्या अपमानापेक्षा त्या पाण्याचं कुतूहल जास्त होतं. माणूस असा असतो.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "चल, शोधून काढू." त्याच्याकडं मोडीत गेलेल्या गाडीचा एक जुना दिवा होता, अगदी त्याच पद्धतीनं केलेला. सायकलवाला पंक्चर बघायला ट्यूब पाण्यात बुडवतो तसं करायचं ठरलं. पण त्याला टबभर पाणी लागणार. पुतळाबाई ड्रमवर हात ठेवून आडव्या उभ्या राहिल्या.

"मेंढरं तहानेली बसलीत आन् तू दिव्यास्नी पानी पाज!"

"माय, नाव गेलंय माझं," पुंजाराम एवढंच म्हणाला.

पुतळाबाई बाजूला झाल्या. स्वतःच्या हातानं सहा तांबे काढून टबात ओतले आणि मेंढरांकडं पाठ करून बसल्या.

बॅटरीला वायर जोडून बल्ब पाव तास पेटवला, दिवा चांगला तापू दिला, मग विझवला आणि काचेची कड पाण्याखाली धरली. सुरुवातीला काही नाही. मग सांध्यातून पाण्याची एक बारीक रेघ आत शिरली, मग दुसरी. आतून कुणीतरी तोंड लावून ओढतंय असं. मी चष्मा नाकावर ढकलून वाकून बघत होते. पुंजारामनं दिवा बाहेर काढला, पाणी झटकलं, खिळा तापवून लांबीला आरपार भोक पाडलं. सलाइनच्या नळीचा तुकडा त्यात बसवून तिचं तोंड पाण्याच्या वर धरलं. पुन्हा पाव तास तापवलं, पुन्हा बुडवलं.

एक थेंब आत गेला नाही.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर दिव्याकडं वळवली. तेवढ्यात मला सगळं कळलं. हवा तापली की प्रसरण पावते, थंड झाली की आकुंचन पावते. सातवीचा धडा! दिवा पेटला की आतली हवा त्या भोकातून बाहेर जायची, विझला की तिथूनच आत यायची. भोक त्याचं नाक होतं. मी नाक दाबून धरायला लावलं, मग त्यानं सांध्यातून पाणी ओढून घेतलं. हातानं जोडलेला सांधा, कंपनीइतका घट्ट कुठून असणार?

आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "गोंद कच्चा असणार."

"व्हय," पुंजाराम म्हणाला. "गोंद बी असंल."

ते 'बी' माझ्या काळजात रुतलं. मला माझीच लाज वाटली, पण मी चष्मा काढून पुसत बसले.

तो टबाशी बसून बोटांवर मोजत होता. मग म्हणाला, "अजून सदतीस गाड्या हाईत. समद्यांचं भोक बुजवलेलं."

"त्यांनी कुठं तक्रार केलीय?"

"पाऊस कुठं पडलाय?"

"मग पडेल तेव्हा बघू."

"बाई, पडंल तवा ते घाटात असतील."

त्यानं त्याच दिवशी ठरवलं. पाऊस यायच्या आत सदतीसच्या सदतीस गाड्या गाठायच्या, चूक सांगायची आणि दुरुस्त करून द्यायची. त्यानंतर कुणी काम देवो न देवो. अख्खा मराठवाडा पावसासाठी देव पाण्यात घालून बसलेला, म्हणजे देव बुडतील एवढं पाणी ज्यांच्या घरात होतं ते, आणि पडेगावात एक माणूस आभाळाकडं बघून पुटपुटायचा, "अजून पंधरा दीस नको रे बाबा."

पण गाड्या गाठायच्या कशा? त्यानं कधी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. मेंढरं कोण लिहून ठेवतं? वीस-बावीस लोकांचे पत्ते दुकानांतून मिळाले. बाकीच्यांसाठी तो सरळ क्रांती चौकात जाऊन उभा राहिला. सिग्नल लाल झाला की गाड्यांच्या रांगेपुढून वाकून चालत जायचा, एकेकीच्या डोळ्यांत डोकवायचा, लाल टिपका दिसतो का बघायचा. लोकांना वाटायचं भीक मागतोय. कुणी काच वर करायचं, कुणी शिवी हासडायचं, एकदा पोलिसानं हटकलं. ह्याचं एकच म्हणणं, "सायेब, ह्यो दिवा म्या केलता. त्यात चूक झाली. पाच मिनिटं गाडी बाजूला घ्या." बॉनेट उघडून लांबीला भोक पाडायचं, वाकवलेली नळी बसवायची, तोंड खाली. ज्याचा सांधा संशयी वाटेल तो दिवा घरी आणून टबात बुडवायचा. त्याच टबातल्या त्याच पाण्यात. ते काळं झालं तरी पुतळाबाई त्याच्यावर ओलं पोतं टाकून जपायच्या, उन्हानं आटू नये म्हणून.

लोक कसे वागले? काही चांगले, काही वाईट. एकानं पाठ थोपटली, दुसऱ्यानं सगळे दिवे नवे घेऊन दे म्हणून गचांडी धरली. पण एक झालं, नवं काम यायचं बंद पडलं. चौकात उभं राहून जो स्वतःच्या चुकीची दवंडी पिटतो त्याच्याकडं गाडी कोण देणार? चाऊस चाचा मला म्हणाले, "खुद का ऐब खुद चौक में जाके बोलता. दिवाना है बाई, दिवाना." मग भट्टीची राख ओढता ओढता म्हणाले, "मेरे बेटे में इत्ता दम नहीं."

मी रोज संध्याकाळी विचारायची, आज किती? आणि तो सांगायचा, आज तीन, आज एक, आज एक बी नाय. पण मला खरं कुतूहल दुसऱ्याच गोष्टीचं होतं. त्यानं माझं नाव कुठंच घेतलं नव्हतं. साहेबरावांसमोर नाही, चौकात नाही, आईसमोरसुद्धा नाही. शेवटी एक दिवस मला राहवेना.

"पुंजाराम, ते भोक मी बुजवायला सांगितलं होतं."

तो नळ्या कापत होता. "व्हय."

"मग सांगत का नाहीस कुणाला?"

त्यानं कात्री खाली ठेवली. "बाई, आमच्यात रानात मेंढरू काय वंगाळ खाऊन फुगलं तर 'हितं चार असं कोन म्हनलं' ते इचारीत नायत. काठी ज्याच्या हातात त्याचं मेंढरू. शंका मला आली ती. तवा गप बसलो ते मीच." मग जरा थांबून म्हणाला, "आन् तुमास्नी कुनी भर चौकात बोललेलं मला बघवंल का?"

ह्यावर मी काय करायला हवं होतं? हात जोडायला हवे होते. मी काय केलं? भडकले! "मला कुणाची दया नको, समजलं?" असं म्हणून तरातरा घरी आले. भाजी टाकली ती करपली, तिला शिव्या दिल्या. स्वतःच्या चुकीचा राग दुसऱ्यावर काढायची खोड जुनी, ती काय साठीत जाणार? पण त्या चिडचिडीच्या तळाशी काय होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. तो माझी इज्जत राखत होता आणि मी ती राखून घेत होते.

सप्टेंबर उजाडला. एक दिवस दुपारी दौलताबादच्या बाजूनं आभाळ काळं झालं. गल्लीतली माणसं दारात येऊन हसत वर बघायला लागली. मी हिशेब विचारला होता आदल्या दिवशी, दोन गाड्या राहिल्या होत्या. चप्पल घातली, रिक्षा केली आणि क्रांती चौक गाठला.

पुंजाराम पलीकडच्या बाजूला गाड्यांपुढून वाकून चालला होता. पाच-सहा आठवड्यांत निम्मा झाला होता. मी अलीकडच्या रांगेत शिरले. साठीची बाई, साडीचा पदर खोचून, गाड्यांच्या दिव्यांत डोकावतेय. लोकांना वाटलं असेल बाईचं डोकं फिरलंय. सहावी का सातवी गाडी राखाडी रंगाची. डावा दिवा, खालचा कोपरा, लाल टिपका.

मी काच ठोठावली. काच खाली आली.

"बाई? बाई, तुम्ही? इथं चौकात?"

हिमांशू! आठवी ब मधला. पहिल्या बाकावर बसायचा, डोळे विस्फारून ऐकायचा. आता शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर, मिशी वगैरे आलेली. शेजारी बायको, मागं लहान मुलगी. तो बायकोकडं वळून म्हणाला, "अगं, ह्या माझ्या विज्ञानाच्या बाई. मी सांगतो ना तुला नेहमी? ह्यांचं कधी काही चुकायचंच नाही."

मी काचेवरचा हात मागं घेतला. तेवढ्यात पुंजारामनं मला बघितलं. गाड्या चुकवत धावत आला आणि धापा टाकत खिडकीशी वाकला.

"सायेब, ह्यो दिवा म्या केलता. चूक माझी हाय. बाईंचा काय संबंध नाय ह्याच्यात, त्या हितनं चालल्या होत्या..."

"गप बस!" मी ओरडले. तो वर्गातला आवाज, दोन-तीन वर्षं वापरला नव्हता. पुंजाराम गप्प झाला. हिमांशूही सरळ होऊन बसला. "मी बोलतेय ना? हिमांशू, तुझ्या दिव्याच्या मागं एक भोक होतं. ते ह्यानं बुजवलं, पण मी बुजवायला लावलं. हा नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. पाऊस आला की तुझ्या दिव्यात पाणी भरणार. माझी चूक आहे. गाडी बाजूला घे."

हिमांशू माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. "तुमची, बाई?"

सिग्नल सुटला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता कल्लोळ केला, कोण काय बोलतंय ऐकू येईना. म्हणून मी त्याच्या खिडकीत हात घालून हॉर्न थांबायची वाट बघितली, आणि पुंजारामच्या देखत, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.